यांच्या वाटचा भंडारा

"सही आपल्यातल्याच कुणीतरी दिलीय," शिर्के भाऊ म्हणाले आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागलो.

आम्ही उभे होतो घरांच्या मागे, ओढ्याच्या काठाला. शेजारची कस्तुरी ऐनापुरे सकाळी कचरा टाकायला गेली तेव्हा तिला तिथं लाल रंग दिलेल्या लाकडी खुंट्या दिसल्या. एक नाही, चांगली रांगच. तिनं आरडाओरडा केला आणि अख्खी मल्हारनगर कॉलनी अंथरुणातून उठून ओढ्याला आली. धुमाळांच्या तर तोंडात ब्रश तसाच होता.

विजेची मोठी लाइन ओढ्यापलीकडून जायची, ती आमची घरं बांधायच्या आधीपासूनची. कंपनीला आता ती काढून दुपटीनं वीज नेणारी नवी लाइन टाकायची होती. टॉवर उंच, तारा जाड आणि खालचा मोकळा पट्टा रुंद. हा पट्टा पलीकडे उसात वाढवायचा की अलीकडे आमच्या घरांवर, एवढाच प्रश्न होता. तारेखाली येणाऱ्या घरांना वरचा मजला ठेवता येणार नव्हता. कंपनीचे साहेब कॉलनीत येऊन सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "तुमच्यापैकी एकाची तरी संमती मिळाल्याशिवाय मी इकडे खुंटी मारणार नाही. पलीकडून काढीन." म्हणून आम्ही खंडोबाच्या देवळात बसून ठरवलं होतं की संमतीपत्रावर कुणीही सही करायची नाही. आणि आता खुंट्या मारलेल्या होत्या.

माझा जीव वरच्या मजल्यात होता. वीस वर्षं मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन ठेवून ब्लाउज शिवले. फोडणी टाकली की गिऱ्हाइकाच्या कापडाला वास लागायचा, म्हणून आधी कापड झाकायचं आणि मग मोहरी टाकायची. त्या वर्षी कुठं वर एक मोठी खोली उभी राहिली होती. गिलावा झाला होता, फरशी बसायची होती. तिथं मी मुलींचा शिवणक्लास काढणार होते. चार मशिनी कुठे ठेवायच्या तेही मी खडूनं जमिनीवर आखून ठेवलं होतं.

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्यानं आपणहून वर टाकलेलं वांगंसुद्धा मी उलटंपालटं करून बघते. त्यामुळे सही कुणी दिली हे शोधायचं काम मी मनावर घेतलं. धुमाळांचा भाचा वीज खात्यात, म्हणजे एक तो. कोपऱ्यावरच्या कोळेकरबाईंनी मोजणीवाल्यांना चहा दिला होता, तो मी स्वतः खिडकीतून पाहिला होता. शिर्के भाऊ कॉलनीचे अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेले, कुठल्याही कागदावर सही करायचा हात शिवशिवत असणारच. मी एकेकाला मनातल्या मनात उभं करून तपासत होते. रात्री जेवताना यांना सांगितलं तेव्हा हे ताटात बघत म्हणाले, "झालं ते झालं. आता शोधून काय मिळणार आहे?"

"काय मिळणार म्हणजे? ज्यानं केलं त्याला चारचौघात विचारायला नको?"

"कोण कबूल होतंय."

"होतील. शिर्के भाऊंनी रविवारी देवळात बोलावलंय. बेलभंडारा उचलायचा प्रत्येक घरानं."

यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "असल्या गोष्टीत देवाला कशाला मधे आणायचं?"

"कर नाही त्याला डर कशाला?" मी म्हणाले आणि वाटीत आमटी वाढली.

आमच्याकडे बेलभंडारा ही गंमत नसते. हातात बेलाचं पान आणि खंडोबाची हळद घेऊन माणूस जे बोलतो ते खोटं निघालं तर देव त्याला सोडत नाही, असं लहानपणापासून ऐकत आलेलो आम्ही. कोर्टात खोटं बोलून आलेली माणसं भंडाऱ्यासमोर पाय मागे घेतात. म्हणूनच शिर्के भाऊंनी हा उपाय काढला होता.

रविवारी सकाळी हे कपडे घालून तयार. मला वाटलं देवळात यायला. तर डबा मागितला. हे साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला होते.

"सीझन आहे. गाड्या रस्त्यापर्यंत आल्यात. तू जा देवळात."

"मी?"

"का? घर दोघांच्या नावावर आहे. तू काय कुणापेक्षा कमी आहेस?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि असलं वाक्य यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी ठेवणीतली साडी नेसले.

देवळात पुरुषमाणसंच पुढे होती. बायका मागे, भिंतीला टेकून. आमच्या घराचा नंबर आला तशी मी पुढे गेले तर धुमाळ म्हणाले, "जालिंदर कुठाय? बाईमाणसानं भंडारा उचलायचा म्हणजे..."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"न्हाई, म्हंजे रीत न्हाई तशी."

"सातबारा काढताना, घरपट्टी भरताना शालन जालिंदर थोरवत हे नाव चालतं. मग देवाला चालणार नाही? का देवाचं ऑफिस तुमच्या भाच्याकडं आहे?"

लोक हसले. कोळेकरबाई मागून म्हणाल्या, "उचल शालन, उचल." शिर्के भाऊंनी मान हलवली. मी ताम्हनातून बेल घेतला, मूठभर भंडारा घेतला आणि शिर्के भाऊंनी सांगितलं तसं शब्दाला शब्द म्हटलं, "आमच्या घरातून कुणी सही दिलेली नाही. ती कुणी दिली हे मला ठाऊक नाही. खोटं बोलत असेन तर मल्हारी बघून घेईल." माझा आवाज चांगला खणखणीत निघाला. मागे वळले तेव्हा मान ताठ होती माझी.

माझ्यानंतर सिदराम ऐनापुरे. कस्तुरीचा नवरा. आमची भिंतीला भिंत. आमच्या नळाचं पाणी खारट, म्हणून त्यानं घराच्या पडवीत पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं होतं आणि कॉलनीला, दुकानांना, ऑफिसांना तो पाण्याचे जार पोचवायचा. गडी कष्टाळू आणि कमी बोलणारा. त्यानं हात धुतले, ताम्हनापाशी आला, वाकला आणि तसाच थांबला. मग सरळ झाला. एकदा देवाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"घ्या की," शिर्के भाऊ म्हणाले.

"मला न्हाई जमायचं."

"म्हणजे?"

"न्हाई उचलत मी."

"अरे, सही दिली नसंल तर भ्यायचं कशाला?" धुमाळांचा आवाज चढला.

"मी कायबी बोलणार न्हाई," सिदराम म्हणाला. चपला हातातच घेऊन तो देवळाबाहेर पडला. कस्तुरी भिंतीपाशी पांढरीफटक होऊन उभी होती. मग तीही त्याच्या मागे गेली.

आता आणखी काय पुरावा पाहिजे? बाकीच्यांनी भंडारा उचलला खरा, पण तो नुसता सोपस्कार. चोर सापडला होता. मला आठवलं की कंपनीनं कारखाना रस्त्याला जो बंगला भाड्यानं घेतला होता तिथंही सिदरामच जार टाकायचा. मी हे सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. "रोजचं जाणंयेणं आहे तिथं. साहेबांशी हसूनबोलून असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

संध्याकाळपर्यंत सिदरामच्या दारात रिकाम्या जारांचा ढीग लागला. मल्हारनगरानं त्याचं पाणी बंद केलं. आम्ही नळाचं खारट पाणी उकळून प्यायला लागलो. चहा नासल्यासारखा लागायचा, डाळ शिजायची नाही, पण सगळे निग्रहानं पीत होते. पाणी बंद करायला घरोघर सांगत फिरणारी मीच होते. आमच्या आणि त्यांच्या अंगणांच्या मधे एक लहान फाटक होतं, त्यातून आम्ही विरजण, कढीपत्ता, काय काय द्यायचोघ्यायचो. मी त्याला साखळी लावली.

हे म्हणाले, "जार बंद कशाला करायचा? बिचाऱ्याचा धंदा आहे."

"बिचारा? आपलं घर तारेखाली घातलं त्यानं!"

"त्यानंच घातलं कशावरून?"

"भंडारा नाही उचलला त्यानं. तुम्ही तिथं नव्हता, मी होते. तोंड बघायचं होतं त्याचं."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर हे कारखान्यातून येताना बाटलीत पाणी भरून घेऊन आले होते आणि उभ्या उभ्या ते पीत होते. मला नळाचं पाणी सोसत नाही, म्हणाले.

कस्तुरी एकदा फाटकाशी आली. साखळी बघून तिनं हात मागे घेतला. "वैनी, लोकांचं ऱ्हाऊ द्या. पर तुमी तरी?"

"मी तरी काय?"

"तुमी तरी असं नगा करू. बाकी कुणी केलं असतं तर..." ती डोळ्याला पदर लावून आत गेली. मला तेव्हा वाटलं, काय नाटकी बाई आहे.

त्याच आठवड्यात कंपनीची माणसं पुन्हा आली. शिडी घेऊन, लाल रंगाचा डबा घेऊन. ज्या घरांचा वरचा मजला उतरवायचा त्यांच्या कठड्यांवर ते फुली मारत चालले होते. शिर्के भाऊंच्या घरावर फुली पडली. धुमाळांच्या घरावर पडली. धुमाळ खाली उभं राहून शिव्या देत होते. सिदरामच्या वर मजला नव्हताच, पण त्याची पडवी पट्ट्यात येत होती. पडवीवर फुली, म्हणजे पाण्याच्या मशीनवर फुली. मी माझ्या गॅलरीत उभी राहून वाट बघत होते. शिडी लागली की ढकलून द्यायची असं मी ठरवलं होतं.

शिडी आली आणि आमचं घर सोडून पुढे गेली.

मी वरूनच ओरडले, "अहो, इकडे?"

डबा धरलेला माणूस वर बघून म्हणाला, "थोरवत ना? तुमचं नाही. खुंटी तुमच्या हद्दीच्या बाहेरनं वळवलीय."

"का?"

"ते साहेबांना ठाऊक. तुमच्या मालकांशी बोलणं झालंय त्यांचं." आणि तो कोळेकरांच्या दारात गेला.

पहिल्यांदा मला वाटलं, ही कंपनीची चाल आहे. आम्हाला वगळायचं, म्हणजे कॉलनी आमच्यावर उलटेल आणि एकी मोडेल. मी स्वतःला तसं दोनदा समजावलं. पण मी गॅलरीतून मागं जाऊन ओढ्याकडे पाहिलं आणि मला ते दिसलं. खुंट्यांची रांग सरळ येत होती, सिदरामच्या पडवीतून जात होती आणि आमच्या भिंतीपाशी येऊन नीट बाहेर वळत होती. इतके दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी फक्त दुसऱ्यांच्या घरांकडे बघत होते.

मी खाली उतरले. फाटकाची साखळी काढली आणि ऐनापुऱ्यांच्या अंगणात गेले. सिदराम रिकामे जार धूत बसला होता. कुणी घेणारं नव्हतं तरी धूत होता.

"सिदरामभाऊ, तुम्ही भंडारा का उचलला नाही?"

"जाऊ द्या वैनी."

"सही तुम्ही दिली होती?"

त्यानं मान वर केली नाही. "न्हाई."

"मग शपथेतलं पहिलं वाक्य तर तुम्हाला म्हणता आलं असतं."

तेवढ्यात आतून कस्तुरी आली. तिच्या हातात झाडू होता आणि तो ती माझ्यावर उगारते की काय असं मला वाटलं.

"आता तरी सांगा की वो!" ती नवऱ्यावर ओरडली. "तोंड शिवलंय का तुमचं? पैलं वाक्य म्हंता येत हुतं, दुसरं म्हंता येत न्हवतं! कुणी दिली ते ठाव हुतं त्येस्नी. जार ठेवाय गेलते तवा डोळ्यानं बघितलंय, जालिंदरभाऊ खुर्चीत बसून सही करत हुते. त्या बंगल्यात. आमचे हे दारात जार घिऊन हुबे!"

मी पडवीच्या पायरीवर बसले.

"मग देवळात का नाही बोललात?" मी सिदरामला विचारलं.

"मला वाटलं जालिंदर येतील आन् आपल्या तोंडानं सांगतील. म्हून थांबलो." त्यानं जार पालथा घातला. "तर तुमी आलासा. आन् तुमी उचललासा. तुमी उचलल्यावर मी काय बोलणार वैनी? माझ्या तोंडनं तुमचा भंडारा खोटा पाडू? त्यापरास ऱ्हाऊ दे म्हटलं."

कस्तुरी रडत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी उठून घरी आले.

हे पलंगावर पेपर वाचत पडले होते. मी दार लावून घेतलं.

"सही तुम्ही दिलीत."

पेपर खाली आला. हे उठून बसले. "कुणी सांगितलं?"

"दिलीत का नाही?"

"अगं, साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, तुमच्या वरच्या मजल्याला परवानगी नाही, उद्या नोटीस काढली तर पाडावा लागेल. एक सही द्या, मी खुंटी तुमच्या बाहेरनं घेतो. तुझ्यासाठीच दिली मी. तुझा क्लास..." यांनी हात पसरले. "आणि कुणीतरी देणारच होतं शालन. आपण आधी दिली, एवढंच."

मी ते ऐकत होते आणि मला त्याचा रागही येत नव्हता. घाबरलेला माणूस सही करतो. मीही केली असती कदाचित. मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"रविवारी काट्यावर खरंच गाड्या होत्या?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले.

"होत्या का?"

"मला भीती वाटली," हे म्हणाले. "खंडोबाचा भंडारा आहे गं तो. माझ्यानं नसता उचलला गेला."

"म्हणून मला पाठवलंत."

"तुला काही ठाऊकच नव्हतं ना! नकळत उचलला तर दोष लागत नाही. मी गुरवाला विचारलं होतं आधी."

"आधी विचारलं होतंत?"

"हो, म्हणजे... नीट चौकशी करूनच पाठवलं तुला."

"देवाची एवढी भीती वाटली. माझी नाही वाटली?"

यांना प्रश्नच कळला नाही. अगदी मनापासून नवल वाटल्यासारखं यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी कसली भीती? तू आपलीच आहेस की."

चोवीस वर्षांत या माणसानं माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, शिवीसुद्धा दिली नव्हती. त्या एका वाक्यानं मला जितकं लागलं तितकं कशानंच लागलं नसतं. मी चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" हे मागे आले. "शालन, ऐक. बोललीस तर साहेब शब्द फिरवतील. वरचा मजला जाईल. तुझाच क्लास जाईल, माझं काय जाणार आहे?"

"जाऊ दे."

शिर्के भाऊंना मी सांगितलं, सगळ्यांना देवळात बोलवा. लोक जमले. ऐनापुरे येत नव्हते, त्यांना कोळेकरबाई हाताला धरून घेऊन आल्या. मी कुठलीही प्रस्तावना केली नाही. "सही आमच्या घरातून गेलीय. यांनी दिलीय. मला ते आज कळलं. सिदरामभाऊंना पहिल्यापासून ठाऊक होतं आणि मी खोटी पडू नये म्हणून ते गप्प राहिले. घर माझ्याही नावावर आहे, माझी संमती नाही असं मी कंपनीला उद्या लिहून देते. आमच्या मजल्यावर फुली पडली तरी चालेल."

धुमाळ म्हणाले, "जालिंदरला बोलवा हितं." कुणीतरी म्हणालं, "पयला त्येंचाच मजला उतरवा." शिर्के भाऊंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "वैनी, तुम्ही नकळत उचलला. त्याचा दोष तुम्हाला लागत नाही."

"देवाचं देव बघेल," मी म्हणाले. मला ते वाक्य त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकवेना.

मी कस्तुरीसमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते मी येताना ठरवलं होतं, पण त्याआधी तिनंच माझा दंड धरला. ती रागात होती. पण तो राग आता माझ्यावरचा नव्हता.

"आता काय करणार वैनी?"

"काय करणार म्हणजे?"

"घरी जाणार?"

"घरी नाही तर कुठं जाणार?"

"त्येंच्यासंगंच ऱ्हाणार?" तिनं विचारलं. हळू विचारलं तिनं, पण देवळात इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

मी शेवटी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? पण तेवढं एक अक्षर म्हणायला मला जो वेळ लागला तो सगळ्या मल्हारनगरानं पाहिला. आणि देवळाच्या पायरीखाली, चपला न काढता येऊन उभे राहिलेल्या यांनीही पाहिला.